छप्पर बदलताना : घरधन्याचा हात आणि कारागिराचा हात

धाराशिव जिल्ह्यात घराच्या छपराचा विचार बहुधा फाल्गुन सरल्यावर सुरू होतो. रब्बीची ज्वारी घरात आलेली असते, साखर कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोडीला गेलेली माणसे गावाकडे परतू लागलेली असतात, गाठीला थोडीबहुत रक्कम असते, आणि मृग नक्षत्र लागण्यास दोन-अडीच महिन्यांचा अवकाश असतो. गेल्या पावसाळ्यात ज्या कोपऱ्यात परात ठेवावी लागली तो कोपरा, वाळवीने पोखरलेली तुळई, वळवाच्या पहिल्या वाऱ्याने वाजू लागलेला पत्रा, या सर्वांची आठवण याच दिवसांत घरधन्यास बेचैन करते. आणि मग ओसरीवर बसून जो प्रश्न घरातली माणसे एकमेकांस विचारतात तो असा, की हे काम आपणच भावाबंदांच्या सावडीने उरकून घ्यावे, की एखाद्या गुत्तेदारास बोलावून मालमसाल्यासह त्याच्या अंगावर सोपवावे?

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न सरळ वाटतो, कारण मजुरी वाचली म्हणजे खर्च वाचला असा हिशेब कोणासही कळतो. परंतु छप्पर ही घराच्या सर्व अंगांपैकी अशी एकमेव वस्तू आहे की जिच्यातील चूक झोपलेल्या माणसाच्या छातीवर येते. आणि या जिल्ह्याने ही गोष्ट अशा रीतीने अनुभवली आहे की तिचा विचार केल्यावाचून येथील छपराविषयी एक अक्षरही लिहिणे योग्य होणार नाही.

या प्रदेशातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन हात जाडीच्या भिंती, आत लाकडी खांबांचे खण, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचांचा दाट थर, आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचे जाड आच्छादन. पाऊस बेताचा आणि उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जाणारा अशा मुलखात हे छप्पर पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते उगीच नव्हे. वैशाखातल्या दुपारी माळवदाखाली जो गारवा मिळतो तो पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली मिळत नाही, आणि त्याचा सर्व माल गावच्या शिवारातच मिळत असल्याने दुरुस्तीस रोकड पैसा फारसा लागत नसे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घरची माणसे वर चढत, भेगा बुजवीत, नवी माती पसरून ती चोपीत, पन्हाळी मोकळ्या करीत. या कामास कोणी कारागीर बोलावीत नसत आणि बोलाविण्याचे कारणही नव्हते. ते घरधन्याचे काम होते.

याच कष्टाळू निगेच्या पोटी एक अनर्थ दडलेला होता. नवी माती टाकताना जुनी काढण्याची चाल नसल्याने थरावर थर चढत गेले, आणि आजोबांच्या वेळी वीतभर असलेले आच्छादन नातवाच्या वेळी दीड-दोन फुटांवर गेले. एकेका वर्षाची भर बोटभर, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. गळती थांबली, एवढेच प्रत्येक वर्षी दिसत गेले.

30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेल्यानंतर, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील उमरगा या तालुक्यांत त्याने जो संहार केला त्यात साडेसात हजारांहून अधिक माणसे दगावली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी या आपल्या जिल्ह्यातील गावांची नावे तेव्हापासून महाराष्ट्रास ठाऊक झाली. हा प्रदेश भूकंपाच्या सरकारी नकाशावर त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या श्रेणीच्या पट्ट्यात मोडत होता. 2002 सालच्या सुधारित मानकात तो तिसऱ्या श्रेणीत घातला गेला. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती, आणि जगात याहून मोठे भूकंप होऊनही इतकी माणसे न दगावल्याची उदाहरणे आहेत. येथे माणसे मेली ती मुख्यतः आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि आपल्याच माळवदाच्या मातीखाली.

नंतर आलेल्या अभियंत्यांनी पडझडीची जी पाहणी केली तिच्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली ही, की जाडजूड दिसणाऱ्या भिंती वस्तुतः दोन स्वतंत्र पाखांच्या होत्या, आणि त्या दोन पाखांना सांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. धक्का बसताच आतले पाख आत आणि बाहेरचे बाहेर असे त्या फुटल्या. दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. जेथे छपराचा सगळा भार लाकडी खांबांच्या पुऱ्या सांगाड्यावर होता तेथे कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी माळवद वर उभे राहिले. जेथे खर्च वाचविण्याकरिता भिंतीकडचे खांब गाळून तुळईचे टोक भिंतीत खुपसले होते तेथे भिंतीबरोबर छप्परही खाली आले. म्हणजे जुन्या सुतारांना जे कळत होते ते काटकसरीच्या नादात मधल्या पिढ्यांनी सोडून दिले होते.

भार जाणणाऱ्या कारागिरीचा याहून जुना दाखला पाहावयाचा तर जिल्ह्यातील तेर या प्राचीन नगरीत त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. मागील बाजू अर्धवर्तुळाकार, आणि वर हत्तीच्या पाठीसारखे वळविलेले विटांचेच छत अशी त्याची रचना असून मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. इतके वजनदार छत इतकी शतके उभे राहिले, कारण ते बांधणाऱ्याला त्यातील प्रत्येक विटेचा भार कोणत्या वाटेने जमिनीत उतरतो हे पक्के ठाऊक होते. आमच्या मते कारागिरास जे मोल द्यावयाचे ते या ज्ञानाचे.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम राबविला गेला त्यात आपल्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच वेळी पारखली गेली. जी गावे पूर्णपणे उद्ध्वस्त झाली, अशी सुमारे पन्नास गावे, नव्या जागी उठवून नेण्यात आली, आणि तेथील घरे शासनाने नेमलेल्या ठेकेदारांनी किंवा देणगीदार संस्थांनी बांधून दिली. तेथे रहिवाशाने बहुतेक तयार घराची किल्ली घेतली. ज्यांची घरे कमीअधिक प्रमाणात तडकली होती अशा सुमारे दोन लाख कुटुंबांना मात्र, नुकसानीच्या मानाने 17 हजार किंवा 34 हजार रुपयांचे साहाय्य टप्प्याटप्प्याने देऊन, कनिष्ठ अभियंत्यांच्या देखरेखीखाली, आपल्या घराची दुरुस्ती व मजबुतीकरण स्वतःच करून घेण्यास सांगण्यात आले. गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमून त्यांच्यामार्फत अभियंत्याचे म्हणणे घराघरांत आणि घराघरांतील अडचण दप्तरात पोहोचविण्याचे काम स्वयम्‌ शिक्षण प्रयोग या संस्थेने केले. भिंतीच्या माथ्यावरचा काँक्रीट-पट्टा म्हणजे काय, आरपार दगड कोठे बसवावयाचा, माळवदाची माती किती उतरावयाची, हे ज्या स्त्रीने स्वतः समजून घेतले तिच्या घरचा गवंडी तिला चुकवू शकत नसे.

या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते हे, की ‘स्वतः करावे की दुसऱ्याकडून’ अशी प्रश्नाची फाळणीच चुकीच्या जागी होते. छपराच्या कामात भार ठरविणे, भार पेलणे आणि भार सांधणे हा एक भाग आहे. उचलणे, वाहणे, भिजविणे, पाहणे आणि हिशेब ठेवणे हा दुसरा. पहिल्या भागात घरधन्याने जाणकाराच्या सल्ल्यावाचून एक पाऊलही टाकू नये. दुसऱ्या भागात त्याने आपला हात काढून घेतला तर कितीही नामांकित गुत्तेदार असला तरी काम बिघडण्याचा संभव राहतो.

भार म्हणजे काय, हे आकड्यांत पाहिल्यावाचून कळत नाही. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली घ्या. तिच्यावर दीड फूट माती असेल तर तिचे वजन पावणेसात टनांच्या घरात जाते, आणि पावसाने ती भिजली म्हणजे त्याहून अधिक. त्याच खोलीवर पाच इंची सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब घातला तर सुमारे तीन टन होतात. अर्धा मिलिमीटर जाडीचे लोखंडी पत्रे टाकले तर नुसते पत्रे पन्नास किलोंच्या आतबाहेर. भूकंपात घरावर येणारा आडवा जोर हा वजनाच्या प्रमाणात असतो. म्हणून माती उतरविणे ही या प्रदेशातील घरास देता येण्याजोगी सर्वांत स्वस्त सुरक्षितता आहे.

परंतु हलकेपणाचेही आपले संकट असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर एका चौरस मीटरवर पंचेचाळीस किलोंहून अधिक भरतो, म्हणजे त्या दहा फुटी खोलीच्या छपरास वर ओढणारे बळ चारशे किलोंवर जाऊ शकते. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ त्याहूनही जास्त बसते. पन्नास किलोंचे पत्रे त्यास काय विरोध करणार? एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वादळाने पत्रे उडाल्याच्या बातम्या दरसाल येतात त्याचे कारण हे आहे. आणि पत्र्यावर दगड ठेवून तो दाबून धरण्याची जी रीत वस्त्यावस्त्यांतून दिसते ती अत्यंत घातक आहे, कारण पत्रा उचलला गेला की तोच दगड आत झोपलेल्या मुलावर येतो. दगड आजच उतरवून घ्यावेत. त्याकरिता कोणत्याही कारागिराची वाट पाहावयास नको.

माळवद उतरविणे हे काम घरच्या माणसांनी सावडीने करण्याजोगे आहे, परंतु आरंभ मात्र एखाद्या जुन्या सुतारास किंवा अनुभवी मिस्त्रीस घर दाखवूनच करावा. तुळईचे भिंतीत गेलेले टोक सर्वांत आधी कुजते आणि नेमके तेच बाहेरून दिसत नाही. पहारीचे टोक किंवा मोठा खिळा दाबून पाहिला म्हणजे लाकूड जिवंत आहे की भुसभुशीत हे कळते. संशय असेल त्या प्रत्येक तुळईखाली टेकू दिल्याखेरीज कोणीही वर चढू नये. माती काढताना एका बाजूस खड्डा करीत जाऊ नये; सबंध माळवदावरून सारखा पातळ थर काढावा, मग दुसरा. घमेल्यांनी उतरविलेली माती भिंतीच्या पायाशी रचून ठेवणे हा नेहमीचा प्रमाद आहे, कारण तिच्यातील ओल आणि रेटा दोन्ही भिंतीस बाधतात. गावठाणातील घरांच्या भिंती पुष्कळदा सामायिक असतात, शेजाऱ्याच्या तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. अशा ठिकाणी शेजाऱ्यास विश्वासात घेतल्याशिवाय काम काढणे हे सौजन्याच्या दृष्टीने तर अयुक्त आहेच, परंतु एका बाजूचा भार उतरून दुसऱ्या बाजूचा तसाच राहिल्याने भिंत कलण्याचाही धोका आहे. माळवदच ठेवावयाचे असेल तर आधी किलचांवर जाड प्लास्टिकचे कापड अंथरून मातीचा थर अर्ध्या फुटाच्या आसपास ठेवावा. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांस तिरक्या लाकडाचे किंवा लोखंडाचे आधार द्यावेत, आणि हे आधार मात्र सुतारानेच बसवावेत.

पत्र्यांच्या छपराविषयी लोकांत असा समज आहे की ते कोणासही घालता येते. चार पाइप आणि दहा पत्रे आणून दोन दिवसांत खोली झाकली जाते हे खरे. पण त्या छपरास भिंतीशी कोणी बांधले? जुन्या दगडमातीच्या भिंतीवर पाइप नुसता टेकवून दोन बाजूंस सिमेंट थापले म्हणजे तो बांधला गेला असे होत नाही. भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी अखंड फिरणारा सळईचा काँक्रीट-पट्टा घालून, त्यात सोडलेल्या बोल्टांना छपराचा सांगाडा जखडला पाहिजे. हा पट्टा भूकंपात भिंतींना एकत्र धरतो आणि वादळात छपरास खाली धरतो. पट्टा आणि सांगाड्याची जोडणी जाणत्या गवंड्याकडे व फॅब्रिकेटरकडे द्यावी; पत्रे वर चढविणे, ते धरून देणे, रंग देणे, पन्हाळ लावणे ही कामे घरच्यांनी करावीत. पत्र्याचे भोक नागमोडीच्या उंचवट्यावर पाडावयाचे असते, सखल जागी नव्हे. उतारावर खालचा पत्रा वरच्याखाली निदान सहा इंच गेला पाहिजे, आणि बाजूंचा जोड जिकडून वादळ येते त्याच्या पाठीकडे उघडला पाहिजे. या गोष्टी घरधन्यास खाली उभे राहून पाहता येतात, आणि त्याने त्या पाहाव्यात.

जुने सिमेंटचे पत्रे काढावयाचे असतील तर मात्र आम्ही घरच्या माणसांस स्पष्ट नको म्हणू. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फोडला, कोरडाच करवतला, की ते हवेत उडतात आणि फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोगासारखे आजार उत्पन्न करतात. शिवाय असा जुनाट पत्रा वरून शाबूत दिसत असता पायाखाली एकदम फुटतो. ज्यास आडव्या फळ्या टाकून चालण्याची, दोर बांधून काम करण्याची आणि पत्रा भिजवून अखंड उतरविण्याची सवय आहे अशाच माणसाकडे हे काम द्यावे. वीजपुरवठ्याची तार छपरावरून गेली असल्यास महावितरणकडून ती आधी बंद करून घ्यावी, हे कोणत्याही छपरास लागू आहे.

राहिला स्लॅब, आणि आज जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबाची आकांक्षा तोच आहे. येथे आम्हांस सर्वांत निकराने जे सांगावयाचे आहे ते हे, की मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतींवर स्लॅब कधीही टाकू नये. माळवद उतरवून त्याच भिंतींवर तीन टनांचा अखंड, ताठर तुकडा ठेवला की घर पक्के झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात भिंती होत्या तशाच दुबळ्या राहतात आणि त्यांच्या माथ्यावरचे संकट अधिक कठीण होते. ज्या गुत्तेदाराने भिंत न तपासता ‘टाकून देतो’ म्हणून सांगितले त्यास नम्रपणे निरोप द्यावा. स्लॅब हवा असेल तर त्याकरिता पायापासून खांब किंवा सिमेंटात बांधलेल्या नव्या भिंती हव्यात, आणि सळईचा आराखडा अभियंत्याच्या हातचा हवा. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगास असते, खालच्या नव्हे. काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांनी ती खाली दबली तर छज्जा उभा राहतो तो केवळ दैवयोगाने.

मात्र स्लॅबच्या दिवशी आणि पुढील पंधरवड्यात घरधन्यास जितके काम असते तितके कोणासही नसते. सिमेंटच्या एका पोत्यास साधारण पंचवीस लिटर पाणी पुरते. मिश्रण सैल, ओतण्यास सोपे व्हावे म्हणून मजूर जे जास्तीचे पाणी घालतात ते स्लॅबची ताकद थेट घटविते, आणि त्यास अडविणारा माणूस मिक्सरपाशी उभा असावा लागतो. पुढे निदान दहा दिवस, आणि येथील उन्हात चौदा दिवस, स्लॅब ओला राहिला पाहिजे. आता या जिल्ह्याची अडचण अशी, की स्लॅबचा हंगाम आणि टँकरचा हंगाम एकच. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी आपल्याकडील परिस्थितीही फारशी वेगळी नव्हती. पिण्याच्या पाण्याची ददात असताना स्लॅबवर पाण्याची आळी कशी भरावयाची? म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी स्लॅब दिवाळीनंतर, विहिरीस पाणी असताना घालावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. गुत्तेदाराची सवड उन्हाळ्यात असते हे कारण त्यापुढे गौण आहे. सेंट्रिंगचे साहित्य दुसऱ्या कामावर न्यावयाचे म्हणून टेकू लवकर काढण्याची घाई होते. लहान गाळ्यासही निदान सात दिवस आणि साडेचार मीटरांहून मोठ्या गाळ्यास चौदा दिवस टेकू हलता कामा नयेत.

2016 पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाटीच्या प्रदेशातील घरकुलास एक लाख वीस हजार रुपयांचे अनुदान टप्प्याटप्प्याने मिळते, रोजगार हमीतून सुमारे नव्वद दिवसांची मजुरी मिळते, आणि योजनेच्या नियमांप्रमाणे हे घर ठेकेदाराकडून बांधून घ्यावयाचे नसून लाभार्थ्याने स्वतःच बांधवून घ्यावयाचे असते. याचा अर्थ त्याने स्वतः थापी धरावी असा नव्हे. गवंडी त्याने निवडावा, माल त्याने पाहून आणावा, आणि कामाची मालकी त्याच्याकडे राहावी. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत जी रीत येथे रुजली तिचे हे पुढचे रूप आहे, आणि अनुदान नसलेल्या कुटुंबानेही तिचेच अनुकरण करावे असे आमचे मत आहे.

ज्यांच्या घरी बाहेरगावी नोकरीस असलेल्या मुलांखेरीज हाताशी माणूस नाही त्यांना सगळे काम गुत्त्याने देणे भाग पडते. त्यात कमीपणा काही नाही. अशा वेळी तोंडी व्यवहारावर न राहता साध्या कागदावर का होईना करारनामा करावा, आणि त्यात सळईची जाडी व अंतर, पत्र्याची जाडी, सिमेंटचा प्रकार, पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, उतरविलेल्या जुन्या लाकडांची मालकी कोणाची, ही कलमे नावानिशी लिहावीत; सागवानी खांब आणि तुळया यांचे मोल पुष्कळदा घरधन्यास ठाऊक नसते आणि ती ‘राडारोडा’ म्हणून गाडीत जातात. उचल मालाच्या पहिल्या खेपेपुरतीच द्यावी, पुढील हप्ते झालेले काम पाहून द्यावेत, आणि एकूण रकमेचा दहावा हिस्सा मृग आणि आर्द्रा ही दोन्ही नक्षत्रे त्या छपरावरून जाईपर्यंत आपल्याकडे राखून ठेवण्याचे कलम, गुत्तेदार कितीही ओळखीचा असला तरी, त्या कागदावर त्याच्या सहीपूर्वी आलेच पाहिजे.